‘जाळणे’ की ‘भाजणे’? : उपकरणात आज्ञावली स्थिर करण्याच्या परिभाषेचा ऐतिहासिक मागोवा

विषयप्रवेश

वसई तालुक्यातील गास, निर्मळ, भुईगाव आणि सोपारे हा परिसर महाराष्ट्राच्या लेखनेतिहासात मोलाचा आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पुढे १९५६ मध्ये भुईगाव येथे नवव्या लेखाचा तुकडा हाती आला. मूळच्या चौदा लेखांपैकी येथे एवढेच उरले असले, तरी गिरनार येथे हे लेख बऱ्याच पूर्ण स्वरूपात टिकून आहेत. त्यांतील चौदावा लेख परिभाषेच्या अभ्यासकाने आवर्जून पाहावा असा आहे. ही धर्मलिपी राजाने ‘लेखापिता’, म्हणजे लिहविली, असे तेथे प्रयोजक रूप आहे. लेख कोठे संक्षिप्त, कोठे मध्यम तर कोठे विस्तृत आहेत, याची नोंद आहे. आणि जेथे काही अपुरे राहिले असेल तेथे ते लिपिकाराच्या अपराधामुळेही झाले असेल, अशी कबुलीही आहे. मजकूर ठरविणारा एक, तो दगडात उतरविणारा दुसरा आणि त्यावर विसंबणारा तिसरा, ही विभागणी सव्वादोन हजार वर्षांपूर्वी शब्दांत नोंदली गेली होती.

आजच्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या उत्पादनात हीच विभागणी वेगळ्या रूपात दिसते. धुलाई यंत्र, वीजमापक, भ्रमणध्वनी, मतदान यंत्र अशा प्रत्येक उपकरणात एक छोटी चकती असते आणि तिच्यात उपकरणाने कसे वागावे याची आज्ञावली साठविलेली असते. या आज्ञावलीला ‘फर्मवेअर’ म्हणतात. आज्ञावली लिहिणारा अभियंता, ती उत्पादनाच्या ओळीवर चकतीत उतरविणारा कामगार आणि उपकरण वापरणारा नागरिक यांची परस्परांशी सहसा गाठही पडत नाही. मधल्या माणसाच्या क्रियेला काय म्हणावे, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. इंग्रजीत त्यासाठी ‘बर्न’, ‘फ्लॅश’, ‘लोड’, ‘प्रोग्राम’ असे अनेक शब्द आहेत. मराठीत हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. तथापि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात यांपैकी एक शब्द आला आणि महाराष्ट्रातील निवडणुकीत त्याचा अर्थ लावण्याची वेळ उमेदवारांवर आली. तेव्हापासून हा प्रश्न केवळ कोशकारांचा राहिलेला नाही.

विणणे, जाळणे, चमकणे

‘फर्मवेअर’ हा शब्द १९६७ मध्ये अॅशर ऑप्लर यांनी ‘डेटामेशन’ या नियतकालिकातील लेखात वापरला. यंत्राचा कठीण भाग म्हणजे हार्डवेअर, बदलता येणारी आज्ञावली म्हणजे सॉफ्टवेअर आणि या दोहोंच्या मध्ये बसणारी ती फर्मवेअर, अशी ही कल्पना होती. ऑप्लर यांच्या मनात प्रामुख्याने संगणकाच्या अंतर्भागातील सूक्ष्म-आज्ञावली होती. उपकरणात कायमची बसविलेली कोणतीही आज्ञावली हा व्यापक अर्थ नंतर रूढ झाला.

मात्र वस्तू नावाच्या आधीपासून अस्तित्वात होती. याच दशकात अमेरिकेच्या अपोलो चंद्रयानांच्या मार्गदर्शक संगणकासाठी जी कायम स्मृती तयार झाली, ती अक्षरशः विणलेली होती. तांब्याची तार चुंबकीय कड्यातून नेली तर एक आणि कड्याबाहेरून नेली तर शून्य, या तत्त्वावर ३६,८६४ शब्दांची आज्ञावली वॉल्थम येथील रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात स्त्री-कामगारांनी हाताने ओवली. येथे ‘प्रोग्राम बसविणे’ म्हणजे ‘विणणे’ होते, आणि चूक सापडली तर ती उसवून पुन्हा ओवावी लागे. पैठण-येवल्याच्या मागावर काठाची नक्षी धागे मोजून उतरविणाऱ्या विणकराला ही पद्धत परकी वाटली नसती.

‘बर्न’ हा शब्द वेगळ्या वाटेने आला. १९५६ मध्ये वेन त्सिंग चाऊ या अभियंत्याने अमेरिकन बॉश आर्मा कंपनीत अॅटलस क्षेपणास्त्राच्या संगणकासाठी अशी स्मृती तयार केली की, तिच्यातील ठराविक जोड जास्तीचा विद्युतप्रवाह सोडून जाळून टाकता येत. जोड शाबूत असेल तर एक अंक, जळालेला असेल तर दुसरा. पुढे या प्रकारच्या चकत्या ‘प्रॉम’ नावाने बाजारात आल्या तेव्हा त्यांत अतिसूक्ष्म फ्यूज असत. म्हणजे या टप्प्यावर ‘जाळणे’ हे रूपक नव्हते. काहीतरी खरोखरच जळत होते आणि जळालेले परत सांधता येत नव्हते. मराठीत घरचा फ्यूज ‘उडतो’. इंग्रजीतही फ्यूजच्या संदर्भात ‘ब्लो’ हे क्रियापद आहे आणि प्रॉमच्या बाबतीत ‘ब्लो’ व ‘बर्न’ ही दोन्ही चालत. त्यांतले ‘बर्न’ अधिक टिकले.

१९७१ मध्ये इंटेल कंपनीत डॉव्ह फ्रोहमन यांनी ‘ईप्रॉम’ विकसित केली आणि शब्द व वस्तू यांची फारकत झाली. ईप्रॉममध्ये काहीच जळत नाही. नेहमीपेक्षा अधिक दाबाच्या विजेने इलेक्ट्रॉन एका निरोधित थराआड ढकलले जातात आणि तेथेच अडकून राहतात. त्या चकतीवर काचेसारखी क्वार्ट्झची खिडकी असे. खिडकीतून वीस-एक मिनिटे अतिनील किरण सोडले की अडकलेले इलेक्ट्रॉन निसटत आणि चकती पुन्हा कोरी होई. उन्हाने मजकूर पुसट होऊ नये म्हणून खिडकीवर कागदी चिकटपट्टी लावत. त्या पट्टीवर आवृत्तीचा क्रमांक लिहिण्याची चाल सर्वत्र होती. २७१६ या क्रमांकाच्या चकतीत प्रत्येक बाइटला २५ व्होल्टचा ५० मिलिसेकंदांचा झटका द्यावा लागे. अशा २,०४८ बाइट असल्याने एक चकती भरण्यास सुमारे पावणेदोन मिनिटे लागत. उत्पादनात हा वेळ परवडत नसल्याने एकाच वेळी अनेक चकत्या भरणारी ‘गँग प्रोग्रामर’ नावाची यंत्रे आली. जळणे संपले होते; तरीही कामगार आणि अभियंते ‘बर्न’च म्हणत राहिले.

याच चकतीचा एक स्वस्त प्रकार निघाला. महागडी खिडकी काढून तीच चकती साध्या प्लॅस्टिकच्या आवरणात बंद केली की अतिनील किरण आत पोचण्याचा मार्ग बंद होतो. ही झाली ‘ओटीपी’, म्हणजे एकदाच आज्ञावली घेणारी चकती. येथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. अशा चकतीचे ‘कायम’पण पदार्थाच्या स्वभावात नसून वेष्टनात आहे. आतले इलेक्ट्रॉन तेच, फक्त खिडकी नाही. ‘एकदाच’ हा शब्द वाचताना ती कोणत्या अर्थाने एकदाच, हे विचारावे लागते ते यामुळे. जुन्या प्रॉममधील जळालेला फ्यूज आणि खिडकी नसलेली ईप्रॉम या दोन्हींना इंग्रजीत ‘बर्न्ट’च म्हटले जाते.

‘फ्लॅश’ची कथा याहून गमतीची आहे. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये एक अशी स्मृती जाहीर केली की, जिचा मोठा भाग विजेने एका झटक्यात पुसता येतो. ही पुसण्याची क्रिया कॅमेऱ्याच्या फ्लॅशची आठवण करून देते म्हणून त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांनी हे नाव सुचविले. म्हणजे मूळ अर्थ पुसण्याचा होता. आज मात्र ‘फ्लॅश करणे’ याचा अर्थ जगभर ‘नवी आज्ञावली लिहिणे’ असा होतो. एखाद्या क्रियापदाने पंचवीस-तीस वर्षांत आपला अर्थ असा उलटा फिरविल्याची उदाहरणे तंत्रज्ञानाबाहेर थोडी असतील.

मराठीची स्वतःची परंपरा

नवे तंत्र आले की त्याला नाव देण्याचे मराठीपुढे दोन मार्ग पूर्वापार राहिले आहेत. एक दरबारी आणि दुसरा कारखान्यातला.

दरबारी मार्गाचा आद्य नमुना म्हणजे रघुनाथपंत हणमंते यांनी छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रचलेला ‘राज्यव्यवहारकोश’. फारसी-अरबी संज्ञांना संस्कृत पर्याय देणाऱ्या या कोशाची मांडणी दहा वर्गांत आहे. विसाव्या शतकात स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या भाषाशुद्धीने हाच मार्ग इंग्रजी शब्दांच्या दिशेने वळविला. ‘महापौर’, ‘दिनांक’, ‘बोलपट’ हे शब्द त्या खटाटोपाची फळे म्हणून सांगितले जातात. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर ६ जुलै १९६० रोजी भाषा संचालनालय सुरू झाले आणि शास्त्रवार परिभाषा कोशांची मालिका त्याने काढली. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालील मराठी विश्वकोशासाठीही स्वतंत्र परिभाषासंग्रह सिद्ध करावा लागला. ‘संगणक’, ‘स्मृती’, ‘आज्ञावली’ हे शब्द या संस्थात्मक परिश्रमांमुळे शिष्ट लेखनात स्थिरावले.

कारखान्यातला मार्ग कमी अभ्यासला गेला आहे. त्याचे उत्तम उदाहरण छापखान्याचे आहे. १८३१ मध्ये गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाप्रेसवर पंचांग छापले आणि ‘शिळाछाप’ हा शब्द रुळला. पुढे शिशाची अक्षरे आली. त्यांना कोणत्याही पंडिताने ‘मुद्राक्षर’ म्हणून सुचविले असेल-नसेल, मुंबईच्या छापखान्यांत ती ‘खिळे’ झाली. जावजी दादाजींच्या निर्णयसागराने (१८६९) देवनागरी खिळ्यांना जो लौकिक मिळवून दिला, त्यामुळे ‘खिळे पाडणे’, ‘खिळे जुळविणे’, ‘जुळारी’ असा संपूर्ण शब्दसंसार उभा राहिला. हे शब्द लोहाराच्या भात्याजवळचे आहेत, पाठशाळेतले नव्हेत. आणि म्हणूनच ते शतकभर टिकले.

तिसरा एक प्रकार वसईच्या मातीत सहज आढळतो. १५३४ ते १७३९ या पोर्तुगीज अंमलात आणि त्या आगेमागे मराठीने ‘चावी’, ‘घमेले’, ‘पगार’, ‘लिलाव’, ‘तुरुंग’, ‘मेस्त्री’ असे शब्द घेतले. या शब्दांचे परकेपण आज कुणाला जाणवतही नाही. सामवेदी आणि वाडवळी बोलींतून पोर्तुगीज शब्द याहून अधिक संख्येने वावरतात. परका शब्द वस्तूसोबत आला, हाताला सवय झाली आणि तो आपला झाला, इतके साधे हे घडले. ‘चावी’ला प्रतिशब्द शोधण्याची गरज वसईत कुणाला भासली नाही.

इलेक्ट्रॉनिक्सच्या बाबतीत मुंबई परिसराचा इतिहास जुना आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. तुर्भे येथील अणुऊर्जा केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागातून १९६७ मध्ये हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया म्हणजे ‘ईसीआयएल’ जन्माला आली. १९७३ मध्ये अंधेरीला ‘सीप्झ’ हे निर्यातक्षेत्र निघाले. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने ‘जिस्ट कार्ड’ आणले. संगणकात हे कार्ड खोचले की पडद्यावर देवनागरी उमटे. मराठी लिपी स्वतःच अशा रीतीने यंत्राच्या कायम भागात जाऊन बसली होती, परंतु त्या बसण्याला नाव देण्याचे कुणाच्या मनात आले नसावे.

कारखान्याची बोली

वसई पूर्वेकडील वालीव, सातिवली, गोखिवरे या औद्योगिक पट्ट्यासह मुंबई, ठाणे, पुणे येथील लहान कारखान्यांतील आणि दुरुस्तीच्या दुकानांतील भाषा ऐकली, तर एक स्पष्ट व्यवस्था दिसते. ‘आयसी बर्न केली’ म्हणजे तिच्यात आज्ञावली घातली. ‘आयसी जळाली’ म्हणजे ती कामातून गेली. पहिल्या वाक्यातले इंग्रजी क्रियापद आणि दुसऱ्यातले मराठी क्रियापद यांचा कोशातील अर्थ एकच. कारागिराच्या तोंडी मात्र ते एकमेकांच्या विरुद्ध आहेत. इंग्रजी बोलणाऱ्या अभियंत्याला ‘बर्न’ या एकाच शब्दावर दोन्ही अर्थ लादून संदर्भावर विसंबावे लागते. मराठी कामगाराने उसना शब्द घेऊन ती अडचण दूर केली. उसनवारी म्हणजे भाषेचे दारिद्र्य, हे समीकरण येथे लागू पडत नाही.

भ्रमणध्वनीच्या दुरुस्तीत ‘सॉफ्टवेअर मारणे’ हा प्रयोग रूढ झाला. शिक्का मारावा तसे, किंवा रंगाचा हात मारावा तसे हे ‘मारणे’ आहे. त्यात एका दमात काम उरकल्याचा भाव आहे आणि उत्पादनाच्या ओळीवरील क्रियेचे ते वर्णन बरेच अचूक आहे. याउलट मेमरी कार्डात गाणी ‘भरत’. ‘लोड’ या शब्दाला मराठीने बंदुकीच्या काळापासून ‘भरणे’ हाच प्रतिशब्द दिला आहे, आणि भरलेले रिकामे करता येते हे त्यात गृहीत आहे. ‘मारलेले’ सॉफ्टवेअर आणि ‘भरलेली’ गाणी हा भेद शाळेत कुणी शिकविलेला नाही. तरीही यंत्राच्या स्वभावात शिरणारे काय आणि यंत्राने केवळ वाहून न्यावयाचे काय, हे तो नेमके दाखवितो.

एक जुना अवशेषही नोंदण्यासारखा आहे. काही सूक्ष्मनियंत्रकांत आज्ञावलीसोबत काही ‘फ्यूज’ निश्चित करावे लागतात. त्यांतील कित्येक प्रत्यक्षात फ्यूज नसून पुन्हा बदलता येण्याजोग्या नोंदी असतात. १९५६ ची जळती तार अशी नावापुरती उरली आहे.

‘बर्न्ट मेमरी’ : एका शब्दाची न्यायालयीन वाटचाल

हा सारा विचार जेथे कसाला लागतो ते उपकरण म्हणजे इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्र. तत्कालीन मुख्य निवडणूक आयुक्त श्यामलाल शकधर यांनी १९७७ मध्ये या यंत्राची कल्पना पुढे आणली. ईसीआयएलने १९७९ मध्ये नमुना तयार केला; बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स ही दुसरी निर्माती झाली. यंत्राच्या बाह्य घडणीत पवईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेतील औद्योगिक अभिकल्प केंद्राचे प्राध्यापक ए. जी. राव आणि रवी पूवय्या यांचा वाटा होता. मे १९८२ मध्ये केरळातील परूर मतदारसंघाच्या ५० केंद्रांवर यंत्राचा पहिला वापर झाला. कायद्यात तशी तरतूद नाही म्हणून १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अवैध ठरविला. पुढे लोकप्रतिनिधित्व अधिनियमात कलम ६१-अ घालण्यात आले आणि २००४ ची लोकसभा निवडणूक देशभर या यंत्रांवर झाली.

येथपर्यंतच्या इतिहासात ‘यंत्र’ या शब्दावर वाद होता. यंत्रातल्या ‘स्मृती’वर लक्ष गेले ते नंतर. यंत्रातील सूक्ष्मनियंत्रकात आज्ञावली उत्पादनाच्या वेळीच ‘बर्न’ केलेली असते आणि ती एकदाच घालता येते, हा निवडणूक आयोगाच्या प्रतिपादनाचा कणा राहिला आहे. २०१३ पासून मतदानाची चिठ्ठी दाखविणारे ‘व्हीव्हीपॅट’ यंत्र जोडले जाऊ लागले, आणि आता दुसरी क्रिया आली. चिठ्ठीवर उमेदवाराचे नाव व चिन्ह छापावयाचे तर ते मतदारसंघागणिक यंत्रात घालावे लागते. हे काम कारखान्यात होऊ शकत नाही. उमेदवारी निश्चित झाल्यावर स्थानिक पातळीवर ‘सिम्बॉल लोडिंग युनिट’ नावाच्या उपकरणाने होते. म्हणजे एकाच यंत्रात कारखान्यात ‘बर्न’ झालेली आज्ञावली आणि मतदारसंघात ‘लोड’ झालेली चिन्हे शेजारी-शेजारी नांदू लागली. कारागिराच्या बोलीत सांगावयाचे तर एक मारलेले आणि एक भरलेले.

एप्रिल २०२४ मध्ये न्या. संजीव खन्ना आणि न्या. दीपांकर दत्ता यांच्या पीठासमोर या विषयावरील याचिका आल्या तेव्हा प्रश्नोत्तरे याच सीमारेषेभोवती फिरली. सूक्ष्मनियंत्रक कोणत्या घटकात आहे, तो एकदाच आज्ञावली घेणारा आहे काय, अशी विचारणा न्यायालयाने आयोगाकडे केली. तिन्ही घटकांत स्वतंत्र सूक्ष्मनियंत्रक असून ते एकदाच ‘बर्न’ होतात, असे उत्तर मिळाले. याचिकाकर्त्यांचा रोख ‘फ्लॅश’ स्मृतीकडे होता, कारण फ्लॅश म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी. २६ एप्रिल २०२४ च्या निकालात पुन्हा मतपत्रिकेकडे वळण्याची मागणी फेटाळली गेली. मात्र दोन निर्देश मिळाले. चिन्हे भरणारे उपकरण मोहोरबंद करून निकालानंतर किमान ४५ दिवस जपावे. आणि दुसऱ्या वा तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने निकालापासून सात दिवसांत लेखी मागणी केल्यास विधानसभा क्षेत्रागणिक पाच टक्के यंत्रांतील ‘बर्न्ट मेमरी’ निर्मात्या कंपन्यांच्या अभियंत्यांनी तपासून पडताळावी. खर्च उमेदवाराने सोसावयाचा, फेरफार आढळल्यास तो परत.

महाराष्ट्र विधानसभेचे निकाल २३ नोव्हेंबर २०२४ रोजी लागले आणि अनेक पराभूत उमेदवारांनी या निर्देशानुसार अर्ज केले. गावोगावच्या पारावर तेव्हा प्रथमच ‘बर्न्ट मेमरी’ हा शब्दप्रयोग ऐकू आला. त्याचा मराठी अनुवाद कसा करावयाचा? ‘जळालेली स्मृती’ असे म्हटले तर वाचकाला वाटणार की पुरावा नष्ट झाला आहे. जळालेले कागद, जळालेले घर, जळालेली मोटार, यांत उरते ती राख. शिवाय महाराष्ट्रात ‘स्मृती’ आणि ‘जाळणे’ हे शब्द एकत्र आले की २५ डिसेंबर १९२७ च्या महाडची आठवण होते. तेथे जाळण्याचा हेतूच मनुस्मृतीचा अधिकार नाकारण्याचा होता, कायम करण्याचा नव्हे. इंग्रजीत जो शब्द स्थैर्याची ग्वाही देण्यासाठी योजला आहे, तो शब्दशः मराठीत आणला तर नेमका संशय पेरतो. ज्या विषयात नागरिकाचा विश्वास हाच प्रश्न आहे, तेथे अनुवादाची ही चूक स्वस्त नाही.

मराठीत अग्नीने स्थैर्य देणारे क्रियापद नाही, असे मात्र नव्हे. ते आहे आणि फार जुने आहे. कुंभार मडके ‘भाजतो’. भाजण्यापूर्वी ते कच्चे असते, पाण्याने विरघळून पुन्हा चिखल होऊ शकते. भाजल्यावर पक्के होते, फोडता येते पण पुन्हा घडविता येत नाही. विटेचेही तेच. इंग्रजीत जी ‘बर्न्ट ब्रिक’ ती मराठीत ‘जळालेली वीट’ कधीच नव्हती, ती ‘भाजलेली’ किंवा ‘पक्की’ वीट होय. सोपाऱ्याच्या बुरूड राजाच्या कोटातील स्तूप १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी उकलला तेव्हा एकात एक ठेवलेले करंडक आणि सातवाहन नृपती यज्ञ सातकर्णीचे रौप्य नाणे शतकानुशतके जपून ठेवणारी ती वास्तू विटांचीच निघाली. एकदाच आज्ञावली घेणाऱ्या चकतीचे वर्णन ‘भाजलेली’ या विशेषणाने जितके नेमके होते, तितके ‘बर्न्ट’ने इंग्रजीतही होत नाही. कारण ‘बर्न्ट’ला राख आणि वीट हे दोन्ही अर्थ आहेत, ‘भाजलेल्या’ला दुसराच.

याच ओघात ‘फर्मवेअर’चाही विचार करता येतो. ‘मृदू’ आणि ‘कठीण’ यांच्या जोडीला ‘दृढ’ घालून संस्कृत समास घडविणे अवघड नाही. पण असा समास कारखान्याच्या उंबरठ्यावरच अडखळेल. मराठी व्यवहारात ‘कच्चा’ आणि ‘पक्का’ ही जोडी सर्वत्र आहे. कच्चा खर्डा-पक्का खर्डा, कच्ची नोंद-पक्की नोंद. कच्चे म्हणजे वाईट नव्हे, ते अजून बदलता येते एवढेच. ऑप्लर यांना जी मधली पायरी दाखवावयाची होती, ती ‘पक्की आज्ञावली’ या दोन शब्दांत पुरेशी दिसते. ‘फ्लॅश’साठी मात्र उसना शब्दच राहू द्यावा, कारण त्याचा पुसण्याचा अर्थ इंग्रजीतच लोपला आहे आणि मराठीत तो नव्याने जन्माला घालून काही हाती लागणार नाही.

निकालानंतर आयोगाने तपासणीची जी कार्यपद्धती ठरविली, तिच्यात यंत्रांवर अभिरूप मतदान घेऊन बेरीज जुळते की नाही हे पाहण्यावर भर होता. यावर पुन्हा न्यायालयात हरकत आली. ११ फेब्रुवारी २०२५ रोजी सरन्यायाधीश संजीव खन्ना यांच्या पीठाने, पडताळणी करताना यंत्रातील माहिती पुसू नये व नव्याने भरू नये, असे सांगितले. पुसणे, भरणे, पडताळणे, एवढ्या तीन क्रियापदांवर ती सुनावणी उभी होती. त्यानंतर आयोगाने कार्यपद्धती बदलली आणि मे २०२५ मध्ये न्यायालयाने ती मान्य केली.

या वादाचे मूळ मराठीत मांडले तर अधिक स्पष्ट दिसते. निकालपत्रातील इंग्रजी वाक्यात ‘चेक’ आणि ‘व्हेरिफाय’ ही दोन क्रियापदे जोडीने आली आहेत आणि इंग्रजी वाचकाला ती जवळजवळ एकच वाटतात. मराठीत ‘तपासणे’ आणि ‘पडताळणे’ एक नव्हेत. तपासता कोणतीही एकटी वस्तू येते. पाचशे अभिरूप मते घालून पाचशेच निघाली की यंत्र तपासून झाले. पडताळण्यासाठी शेजारी दुसरे काहीतरी ठेवावे लागते. वजन प्रमाणित वजनाशी पडताळतात, नक्कल मूळ दस्ताशी पडताळतात. भाजलेल्या स्मृतीची पडताळणी म्हणजे तिच्यातील मजकूर निर्मात्याकडे जपलेल्या मूळ प्रतीशी अंकागणिक ताडून पाहणे. कारखान्यात हे काम रोजचे आहे. चकती भरल्यावर यंत्र ती परत वाचते, मूळ प्रतीशी जुळवते आणि मगच पुढच्या चकतीला हात लावते. त्या पायरीचे नावही ‘व्हेरिफाय’ असेच आहे. सोपाऱ्याचा आठवा लेख एका तुकड्यावरून ओळखता आला तो इतर ठिकाणचे पाठ उपलब्ध होते म्हणून. मतदान यंत्राच्या बाबतीत मूळ प्रत कोणाकडे असावी, ती कोणाला पाहता यावी आणि ताडून पाहणारा अभियंता निर्मात्याचाच असावा काय, या प्रश्नांवर उमेदवार, आयोग आणि न्यायालय यांच्यात २०२४ पासून जी चर्चा झाली, ती बहुतांशी या एका क्रियापदाच्या अर्थाविषयीची होती.